उंदीर पडल्याची बातमी खरी कशी ठरते

जालना जिल्ह्याची दक्षिण हद्द गोदावरीनं आखली आहे. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके नदीच्या अलीकडे, बीड जिल्हा पलीकडे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये या पलीकडच्या जिल्ह्यात मामला नावाच्या लहानशा गावी उंदीर मरून पडू लागले. घरांत पिसवा वाढल्या. मग माणसांना ताप भरला, जांघेत आणि काखेत दुखऱ्या गाठी आल्या. जवळपास तीन दशकं देशात माणसाला प्लेग झाल्याचं कुणी खात्रीनं नोंदवलं नव्हतं. बहुतेक तरुण डॉक्टरांनी हा आजार फक्त पुस्तकात वाचला होता.

सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग फैलावल्याची बातमी आली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडून निघाली. दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. परदेशी विमानकंपन्यांनी उड्डाणं थांबवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत अखेर ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू उरले, पण भीतीचा आकार त्याहून कितीतरी मोठा होता. त्या भीतीत एक कुजबूज मिसळली: हा रोग कुणी मुद्दाम तर सोडला नसेल?

हा प्रश्न गोदाकाठच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जागेवरून पाहण्यासारखा आहे. समोर तापाचा रुग्ण, बाहेर घाबरलेले नातेवाईक, हातात कालचं वर्तमानपत्र. विश्वास ठेवावा तो कुणावर? आज त्याच केंद्रातल्या डॉक्टरांच्या खिशात मोबाइल आहे आणि जगभरच्या आरोग्यसंस्थांची दारं त्यातून उघडतात. अफवांची दारंही तितक्याच सहज उघडतात. या गर्दीत खात्रीची माहिती कशी ओळखायची, याचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं. कारण ते शोधायला लागलं की लक्षात येतं, अशी माहिती मुळात तयार होते ती मामला किंवा घनसावंगीसारख्या ठिकाणीच.

आधी एक चकित करणारी गोष्ट. निसर्गानं आलेली साथ आणि माणसानं मुद्दाम पसरवलेली साथ पहिल्या दिवशी अगदी सारखी दिसतात. १९८४ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, द डॅल्स नावाच्या छोट्या शहरात ७५१ माणसांना जुलाब-उलट्यांनी गाठलं. साथरोगतज्ज्ञांनी रुग्णांची यादी केली, कोण कुठे जेवलं, काय खाल्लं हे विचारलं, आजाऱ्यांची निरोग्यांशी तुलना केली. धागा दहा उपाहारगृहांतल्या सॅलडच्या टेबलांपर्यंत गेला. साल्मोनेला हा जिवाणू सापडला. शास्त्र चोख होतं. तरी निष्कर्ष निघाला की अन्न हाताळणाऱ्या कामगारांकडून संसर्ग पसरला असावा.

खरं कारण वर्षभरानं पोलिसी तपासात उघड झालं. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेत गेले होते. त्यांच्या ऑरेगनमधल्या वसाहतीतल्या काही अनुयायांनी, स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदारांनी आजारी पडून घरीच राहावं म्हणून, हे मुद्दाम घडवलं होतं. वसाहतीतल्या प्रयोगशाळेत तोच जिवाणू मिळाला. या घटनेचा सविस्तर शास्त्रीय लेख वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तो थेट १९९७ साली. तो वाचून कुणी अनुकरण करील, ही धास्ती इतकी वर्षं वाटत राहिली होती.

यातून डॉक्टरांसाठी फार मोलाचा धडा निघतो. रुग्णाला सलाइन लावायचं, नमुना घ्यायचा, कुणाकुणाला झालं हे मोजायचं, ही कामं दोन्ही प्रकारच्या साथीत एकच असतात. ‘कुणी केलं’ हा पोलिसांचा प्रश्न. ‘काय आहे, किती जणांना, कुठे, कधीपासून’ हा वैद्यकाचा प्रश्न, आणि तो पहिला. जो मजकूर या चार गोष्टींची उत्तरं न देता सूत्रधाराचं नाव सांगायला धावतो, त्याच्याबद्दल तिथेच शंका घ्यावी.

मग मुद्दाम घडवलेली गोष्ट उघडकीला येते कशी? विसंगतीतून. साथरोगशास्त्र रोगाच्या नावापेक्षा त्याच्या जागेकडे अधिक बारकाईनं बघतं. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सचंच घ्या. हा गुरामेंढरांचा जुना रोग. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आजारी किंवा मेलेलं जनावर हाताळणाऱ्या माणसाच्या हातावर न दुखणारी, काळ्या खपलीची जखम झाली, तर ती दुर्दैवी असली तरी अनाकलनीय नाही. तोच जिवाणू जनावरांशी काडीचाही संबंध नसलेल्या, कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात श्वासावाटे गेलेला सापडला, तर चित्रच बदलतं.

नेमकं असंच २ ऑक्टोबर २००१ रोजी फ्लोरिडात झालं. वृत्तपत्रात छायाचित्रं निवडण्याचं काम करणारा एक माणूस ताप आणि भ्रमावस्थेत रुग्णालयात आला. संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. लॅरी बुश यांनी त्याच्या मणक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मोठ्या आकाराचे, दांड्यासारखे जिवाणू दिसले. श्वासावाटे होणारा अँथ्रॅक्स अमेरिकेत अख्ख्या विसाव्या शतकात अवघा १८ वेळा नोंदला गेला होता. ‘इतका दुर्मीळ आजार इथे कसा असेल’ म्हणून गप्प बसणं सोपं होतं. डॉ. बुश यांनी त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवलं आणि दोन दिवसांत सरकारी प्रयोगशाळेनं निदान पक्कं केलं. पाकिटांतून पूड पाठवली जात आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे एकूण २२ जण आजारी पडले आणि पाच दगावले. पांढऱ्या पुडीच्या पाकिटांची धास्ती भारतापर्यंत पोचली आणि आपल्याकडेही संशयित पाकिटं तपासायला घ्यावी लागली.

याच्या १०५ वर्षं आधीचं मुंबईचं चित्र यापेक्षा फार वेगळं नव्हतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात रुग्ण तपासताना मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठी आणि ताप यांची जोडी दिसली आणि हा प्लेग आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात हा शब्द उच्चारण्याचे परिणाम किती मोठे असतील याची त्यांना कल्पना होतीच. त्यांच्या शब्दावर लगेच विसंबून न राहता इतर तज्ज्ञांकडून स्वतंत्र पडताळणी झाली आणि व्हिएगस बरोबर ठरले. पाठोपाठ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

व्हिएगस आणि बुश यांच्यात एका शतकाचं अंतर आहे, पण त्यांच्या गोष्टीची घडण एकच आहे. एका डॉक्टरला विसंगती दिसते. तो ती लपवत नाही, वाढवूनही सांगत नाही, नोंदवतो. मग दुसरं कुणीतरी, पहिल्याच्या दबावाखाली नसलेलं, ती स्वतंत्रपणे तपासतं. खात्रीची माहिती म्हणून आपण जी ओळखतो, ती या तीन पायऱ्यांनी तयार होते. तिच्यामागे अधिकाराचा दरारा असून भागत नाही. ती पडताळता आली पाहिजे.

आता पुन्हा जालन्यात येऊ. या तीन पायऱ्या आज या जिल्ह्याच्या खेड्यापर्यंत बांधलेल्या आहेत आणि हे यंत्र ज्यानं नीट पाहिलं त्याला थक्क व्हायला होतं. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम भारतात नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्याचा पाया तीन साध्या फॉर्मांचा आहे. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका लक्षणांवरून ‘एस’ फॉर्म भरतात: अमुक गावात इतक्यांना ताप, इतक्यांना जुलाब. दवाखान्यातले डॉक्टर रुग्ण तपासून अंदाजित निदानाचा ‘पी’ फॉर्म भरतात. प्रयोगशाळेत पक्कं झालेलं निदान ‘एल’ फॉर्मात जातं. पूर्वी ही माहिती आठवड्याच्या हिशेबानं वर जायची. ५ एप्रिल २०२१ पासून देशभर नवा एकात्मिक आरोग्य माहिती मंच आला आणि हीच नोंद मोबाइल-टॅबवरून, गावाच्या नावासकट, रोजच्या रोज जाऊ लागली. सुरुवातीला १८ आजारांवर लक्ष होतं, आता ३३ हून अधिक आजारांवर आहे.

या तीन फॉर्मांत खोल शहाणपण आहे. लक्षण, अंदाज आणि खात्री या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे ही यंत्रणा कधीच विसरू देत नाही. मंठा तालुक्यातल्या एका गावात वीस जणांना ताप आला, ही पहिली पातळी. डेंगी असावा, ही दुसरी. रक्ताच्या तपासणीत डेंगी ठरला, ही तिसरी. अफवा जन्माला येते ती पहिली पातळी तिसरीच्या आवाजात सांगितल्यानं.

आकडे नेहमीपेक्षा वर गेले की जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांचं लक्ष जातं आणि जलद प्रतिसाद पथक गावात पोचतं. पथकात साथरोगाची जाण असलेला डॉक्टर, प्रयोगशाळेचा माणूस, गरजेप्रमाणे कीटकतज्ज्ञ आणि पशुवैद्यक असतात. ते काय बघतात? ऋतूला न शोभणारा आजार. धडधाकट तरुणांत अचानक गंभीर रूप. एकाच वेळी, एकाच जेवणानंतर किंवा एकाच पाण्यावर असलेल्यांत उद्रेक. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी एकाच वेळी तोच दुर्मीळ रोग. माणसांच्या आधी किंवा सोबत मरणारी जनावरं. यातलं काहीही दिसलं म्हणजे कुणाचा हात असलाच पाहिजे असं नाही. बहुतेक वेळा उत्तर फुटकी जलवाहिनी, शिळं अन्न किंवा वाढलेले डास असंच निघतं. पण प्रश्न विचारला गेला पाहिजे.

नमुना गरजेप्रमाणे पुढे जातो आणि विषाणूचा संशय असेल तर तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत पोचतो. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्यानं सुरू झालेली ही संस्था. पाषाणमध्ये तिची अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहे, जैवसुरक्षेच्या सर्वोच्च म्हणजे चौथ्या पातळीची. शास्त्रज्ञ आत जातात ते अंगभर बंदिस्त पोशाख घालून आणि त्या पोशाखात श्वासासाठी हवा नळीतून येते. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे एखादी फट राहिलीच तर हवा आत शिरेल, बाहेर जाणार नाही. आतला कचरा निर्जंतुक झाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. २०१८ च्या मे महिन्यात केरळच्या कोळिकोड भागात एका कुटुंबातले एकामागून एक जण आजारी पडले. रुग्णालयातल्या डॉक्टरांना शंका आली, मणिपालच्या प्रयोगशाळेनं निपाह विषाणूचा माग काढला आणि पुण्यानं शिक्कामोर्तब केलं. तीन पायऱ्या, पुन्हा त्याच क्रमानं.

आता डॉक्टर आपल्या मोबाइलवर नक्की काय उघडून पाहतील? पहिली जागा दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र. १९०९ साली कसौलीत मलेरियासाठी सुरू झालेल्या छोट्या कार्यालयातून ही संस्था वाढली. एकेका आजारावरची तिची सूचनापत्रकं कामापुरती नेमकी असतात: लक्षणं कोणती, नमुना कोणता घ्यायचा, कसा बांधायचा, कुठे पाठवायचा. दुसरी जागा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. जैविक आपत्तींसाठीची त्याची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मुद्दाम पसरवलेल्या रोगाचा विचारही त्यांत आहे. तिसरी जागतिक आरोग्य संघटना. तिच्या साथीच्या बातम्या १९९६ पासून खुल्या आहेत. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, जगाला धोका ठरू शकेल अशी घटना आढळली तर तिचं मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांत देशानं संघटनेला कळवायचं असतं. चौथी जागा अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र. अँथ्रॅक्स, प्लेग, देवी, बोट्युलिझम, टुलारेमिया आणि रक्तस्रावी ताप आणणारे विषाणू यांना तिथे सर्वांत गंभीर गटात ठेवलं आहे आणि प्रत्येकाची ओळख व उपचार वैद्यकांसाठी लिहिलेले आहेत.

घनसावंगीत बसलेला डॉक्टर आणि जिनिव्हातला तज्ज्ञ एकच पान एकाच क्षणी वाचू शकतात, ही गोष्ट मामलाच्या वेळी कल्पनेपलीकडची होती.

पण चांगल्या संस्थेचं नाव वर लिहिलेलं प्रत्येक पान त्या संस्थेचंच असेल असं नाही. म्हणून वाचताना काही गोष्टी तपासून घ्याव्यात. मजकूर संस्थेच्या मूळ ठिकाणी आहे का, की फिरत आलेल्या चित्रात? तारीख कोणती? साथीच्या काळात महिन्याभराची सूचनाही शिळी असू शकते. त्यात ‘संशयित’ आणि ‘खात्रीचे’ असे आकडे वेगळे दिले आहेत का? प्रयोगशाळेचं नाव आहे का? अजून काय कळलेलं नाही, हे लिहिणाऱ्यानं मान्य केलं आहे का? आणि अखेर, वाचून डॉक्टरांना पुढचं पाऊल समजतं का? भीती वाढवून काहीच करायला न सांगणारा मजकूर वैद्यकाच्या उपयोगाचा नसतो. उलट, खरं मार्गदर्शन वाचलं की हाताला काम मिळतं: रुग्णाला वेगळं ठेवा, मास्क बांधा, नमुना घ्या, या अधिकाऱ्यांना फोन करा.

या कसोट्यांची गरज जालन्याच्या शेजारी नुकतीच दिसली. डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडे. मुली, मुलं, वयस्क, सगळेच. पाणी, शाम्पू, विषाणू असे तर्क भराभर पसरले आणि या गावांतल्या लोकांशी सोयरीक टाळली जात असल्याच्या बातम्या आल्या. आरोग्य खात्यानं पाण्याचे, रक्ताचे, त्वचेचे नमुने घेतले आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः गावांत जाऊन नमुने गोळा केले आणि खाण्यातल्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस गळणं हे सेलेनियम जास्त झाल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे.

डॉ. बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, म्हणजे जालना जिल्ह्याचेच. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी लाल विंचवाच्या दंशानं तडफडणारी माणसं पाहिली. त्यांनी प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, मृत्यू हृदय-फुप्फुसांच्या बिघाडानं होतो हे दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार त्यांनी रूढ केला आणि विंचूदंशानं होणारे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं विंचूदंशावर खात्रीची माहिती शोधली तर तिच्या मुळाशी कोकणातल्या एका आरोग्य केंद्रातली वही आहे आणि ती लिहिणारा हात जालन्याच्या खेड्यातला आहे.

मामलाच्या कुजबुजीचं पुढे काय झालं? सुरत आणि बीडमध्ये मिळालेल्या जिवाणूंची रेणूंच्या पातळीवर तपासणी झाली आणि तो प्लेगचा जिवाणू असल्याचं सिद्ध झालं. आधीच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपानं मराठवाडा हादरला होता. सोडलेली घरं, साठवलेलं धान्य आणि त्यावर वाढलेले उंदीर हे नैसर्गिक कारण अभ्यासकांनी मांडलं. तोपर्यंत शहरं रिकामी झाली होती आणि व्यापाराचं मोठं नुकसान झालं होतं. शंका विचारण्यात गैर काहीच नव्हतं. गैर होतं ते उत्तर येण्याआधीच तिला उत्तर मानणं.

या साखळीत डॉक्टर नसलेल्यांनाही जागा आहे. वाड्यात एकाएकी उंदीर मरून पडले, गोठ्यात दोन जनावरं एका रात्रीत दगावली, एका लग्नाच्या पंगतीनंतर गल्लीभर जुलाब सुरू झाले, तर ही बातमी पहिल्यांदा आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगायला हवी. मेलेल्या उंदराला किंवा जनावराला हात लावायचा नाही, फोटो फिरवत बसायचं नाही, गाव, दिवस आणि संख्या सांगायची. आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ती ‘एवढंसं’ म्हणून बाजूला न ठेवता त्याच दिवशी नोंदवायची. दिल्लीतल्या पडद्यावरचा आकडा आणि जिनिव्हातल्या बातमीतलं वाक्य त्या नोंदीइतकंच खरं असू शकतं. खात्रीची माहिती शोधणं हे वैद्यकाचं अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ती माहिती आपल्या गावातून प्रामाणिकपणे पाठवणं. मराठवाड्यातला प्रत्येक आरोग्य कर्मचारी ते रोज करू शकतो.